बंपरमधले भोक

खंडेनवमीला पिलाजीरावांच्या घरी शस्त्रपूजा असे, आणि शस्त्र म्हणून पाटावर मांडलेले असे फार्गो पिकअपचे हँडल. तलवार घरात एकच होती. ती पिलाजीरावांचे वडील आबासाहेब यांनी एका वर्षी शिकलगाराकडे धारेला दिली आणि आणायची विसरले. आठवण झाली तोवर शिकलगार बडोदे सोडून गेला होता. चार पिढ्या सरकारी फौजेत चाकरी केलेल्या घराची तलवार अशी गेली, याबद्दल घरात कोणी बोलत नसे. पुढे आबासाहेबांनी गाडी घेतली आणि तलवारीच्या जागी गाडीचे हँडल पाटावर आले. लोखंडाचे होते, लांब होते आणि माणसाला जखमी करू शकत होते. एवढे पुरेसे मानले गेले.

एकतीस वर्षांपूर्वी आबासाहेब गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा गाडी धाकट्या हिंमतरावांकडे गेली आणि हँडल देवघरातले म्हणून थोरल्या पिलाजीरावांकडे राहिले. गाडीचा सेल्फ-स्टार्टर त्याआधीच गेला होता. म्हणजे समोरच्या बंपरमधल्या भोकातून हँडल आत घालून फिरवल्याशिवाय इंजिन चालू होत नव्हते, आणि गाडीवाचून हँडलला दुसरे काही काम नव्हते. गोरव्यातल्या कुठल्याही लेथवाल्याने तसले हँडल एका दुपारी करून दिले असते. हिंमतराव तर कोयलीच्या रिफायनरीत वर्कशॉपचे फोरमन होते, त्यांनी स्वतःच केले असते. त्यांनी केले नाही. गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली, आणि हिंमतराव दर खंडेनवमीला मांडवीला थोरल्याच्या घरी जाऊन त्या हँडलला नमस्कार करून, मटणाचे जेवण जेवून परत येत राहिले.

दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसत. भांडण म्हणावे असे काही नव्हते. सणवार चुकत नव्हते, दसऱ्याला धाकटा थोरल्याच्या पाया पडत होता. फक्त बोलणे तिसऱ्या माणसाकडून व्हायचे, आणि ते तिसरे माणूस म्हणजे हिंमतरावांची मुलगी शलाका. बारा वर्षांची असल्यापासून ती हे टपाल वाहत होती. आता ती त्रेचाळीस वर्षांची होती, गोरव्यात तिचा स्वतःचा पत्रेकामाचा कारखाना होता, सात माणसे हाताखाली होती, आणि टपाल चालूच होते.

गेल्या वर्षी तिने ताडपत्री काढली. अप्पांना, म्हणजे वडिलांना, विचारले, तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या शेडमध्ये जागा असेल तर ने." याला होकार समजून तिने गाडी क्रेनने नेली आणि वर्षभर रविवारचे रविवार तिच्यात घातले. तळाचा पत्रा नवा, मागचा हौदा सागाच्या फळ्यांचा, रंग पूर्वीचाच बाटलीसारखा हिरवा. जुने ते जुने ठेवले आणि जिथे जिवाशी गाठ होती तिथे नवे घातले: डिस्क ब्रेक, सीटचे पट्टे, बारा व्होल्टचा सेल्फ. राहिला होता फक्त बंपर. तो दसऱ्याला चढवायचा होता.

त्या बंपरचा फोटो पिलाजीरावांच्या समरजितने नवमीच्या पंगतीत बापाला दाखवला. समरजित विम्याचे काम करी, पण त्याचे मन लग्नाआधीच्या फोटोंना गाड्या भाड्याने देण्याच्या धंद्यात गुंतले होते, आणि म्हणून सध्या तो बापापेक्षा चुलत बहिणीच्या पक्षात होता.

"बघा ने, बाबा. क्रोम केलाय. खंडेराव मार्केटसमोर उभी केली की लाइन लागेल."

पिलाजीरावांनी मोबाइल डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताच्या तर्जनीने फोटो मोठा करायचा प्रयत्न केला. त्यांचा उजवा अंगठा वळत नसे. समरजितने फोटो मोठा करून दिला.

"छान आहे," ते म्हणाले. "भोक कुठं आहे?"

"कसलं भोक?"

"हँडलचं."

"आता सेल्फ बसवलाय ना. बटन दाबलं की चालू. भोकाचं कामच नाही."

पिलाजीरावांनी पाटावरच्या हँडलकडे पाहिले. त्याच्यावर सकाळचे ताजे हळदकुंकू होते, त्याखाली गेल्या वर्षीचे, त्याखाली त्याच्या आदल्या वर्षीचे. त्यांच्या पत्नी गंगाबाई यांनी पूजेची वस्तू कधी घासली नव्हती.

"शलाका," ते म्हणाले, "भोक बुजवायचं तुझ्या अप्पांनी ठरवलं का, विचार."

अप्पा तीन हातांवर बसून रश्श्यात लिंबू पिळत होते.

"अप्पा, मोठे काका विचारतायत—"

"ऐकलं. सांग, बंपर तुझा आहे."

"अप्पा म्हणतायत बंपर माझा आहे."

"ऐकलं," पिलाजीराव म्हणाले.

आणि ते खरेच होते. बंपरचे चित्र शलाकाने काढले होते, मापे तिने घेतली होती, आणि भोक ठेवायचे तिच्या डोक्यातच आले नव्हते. वर्षभर ती ज्या गाडीच्या प्रत्येक खिळ्यापाशी थांबली होती, त्या गाडीतली ही एकच जागा तिने निव्वळ लोखंड म्हणून पाहिली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण पंगतीत तसे दाखवायची त्या घरात पद्धत नव्हती, म्हणून तिने आणखी एक भाकरी वाढून घेतली.

"मग पुढल्या वर्षी पाटावर काय ठेवायचं?" पिलाजीराव म्हणाले. "ज्याला भोकच नाही त्या हँडलची पूजा करायची?"

"इतकी वर्षं गाडी बंदच होती," गंगाबाई म्हणाल्या. "तरी केलीच ना?"

"गाडी बंद असणं वेगळं आणि भोक नसणं वेगळं."

पिलाजीरावांनी हात धुतले, पुसले आणि येऊन उभ्यानेच निकाल दिला. "उद्या मी गोरव्याला येतो. बंपर चढवायच्या आधी एकदा मी हँडल मारून गाडी चालू करणार. मग खुशाल बुजवा. मग त्या गाडीचा आणि माझा संबंध संपला." आणि सवयीने पुढे म्हणाले, "सांग त्यांना."

"तुम्हाला स्टेंट बसवलेत," गंगाबाई म्हणाल्या. "दोन."

"ते छातीत आहेत. हँडल हातानं मारतात."

शलाकाने तो निरोप पोचवला नाही. एकतीस वर्षांत तिने बरेच काही वाहिले होते. बारशांची आमंत्रणे, आबासाहेबांच्या श्राद्धाची तिथी, कोणाला कोणता डॉक्टर मानवतो ते. 'संबंध संपला' हे कधी वाहिले नव्हते. आणि तिला भीती होती ती हीच. त्या दोघांमध्ये दुसरे काही शिल्लकच नव्हते. एकाकडे गाडी होती, दुसऱ्याकडे तिचे हँडल होते, आणि तेवढ्यावर वर्षातून एकदा दोघे एका खोलीत बसत होते. ते भोक बुजले की नवमीला अप्पांनी कशाला यायचे?

मुळात सगळे त्या अंगठ्यावरून झाले होते. आबासाहेब असतानाच्या शेवटच्या वर्षी, अनंत चतुर्दशीला गल्लीतला गणपती हौद्यात बसलेला, लोक ताशे घेऊन उभे, आणि पिलाजीरावांनी हँडल मारले. इंजिनाने उलटा झटका दिला, हँडल मागे फिरले आणि पिलाजीरावांचा अंगठा मोडला. गणपती सुरसागर तळ्यावर हातगाडीवरून गेला. इंजिनाचे टायमिंग, म्हणजे ठिणगी केव्हा पडायची ते, आदल्या संध्याकाळी हिंमतरावांनी लावले होते. ते जास्त पुढे ठेवले तर हँडल असे उलटते, हे पिलाजीराव डॉक्टरांना म्हणाले. हँडल मारताना अंगठा दांड्याभोवती वेढायचा नसतो, बोटांच्या बाजूलाच ठेवायचा असतो, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे, असे हिंमतराव वडिलांना म्हणाले. एकमेकांना दोघेही काही म्हणाले नाहीत.

नवमीचे जेवण आटोपून परत येताना शलाका आपली मोटार चालवत होती आणि अप्पा शेजारी बसले होते.

"मी भोक पाडते," ती म्हणाली. "एका तासाचं काम आहे. उद्या त्यांना तिथंच दाखवीन, म्हणजे हँडल मारायची गरज नाही."

"नको."

"त्यांचं वय एक्याऐंशी आहे, अप्पा. काही झालं म्हणजे?"

अप्पा बाहेर बघत राहिले. पंड्या ब्रिज उतरल्यावर त्यांनी विचारले, "टायमिंग कोणी लावलं? तू का कुशलनं?"

"कुशलभाईंनी."

"हं." मग घराशी उतरताना, "उद्या मी आधी जाईन. शेडची किल्ली दे."

दसऱ्याच्या सकाळी शलाका शेडवर पोचली तेव्हा पत्रा कापायच्या यंत्राला, लेथला आणि वेल्डिंगच्या सेटला झेंडूच्या माळा घालून झाल्या होत्या. टेबलावर फाफडा-जलेबीची पुडकी होती आणि कुशलभाई इलेक्ट्रिशियन, जो सणाच्या दिवशी बोलावल्याबद्दल आधीच एक पुडके संपवून बसला होता. अप्पा पांढरा झब्बा घालून खिडकीशी उभे होते. फार्गो मधोमध होती, तोंडावर बंपर नसलेली, आणि नवा बंपर तिच्यासमोर दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवा होता. त्यात सगळ्यांची तोंडे वाकडी दिसत होती.

पिलाजीराव समरजितच्या गाडीतून आले. मागे गंगाबाई होत्या आणि त्यांच्या मांडीवर जुन्या साडीत गुंडाळलेले हँडल होते. पिलाजीरावांनी फार्गोला एक फेरी घातली. सागाच्या फळीवर हात फिरवला, दार उघडून लावले, परत उघडून लावले. "काम चांगलं आहे," ते शलाकाला म्हणाले. मग अप्पा येऊन त्यांच्या पाया पडले, आपट्याची पाने दिली, आणि दोघांनी तोंडे फिरवली.

पूजा झाली. समरजितने मोबाइल बोनेटसमोर एका डब्यावर टेकवून ठेवला. "आधी सेल्फवर चालू करू या. व्हिडिओसाठी. मग बाबा, तुमचं."

"दाबा बटन," पिलाजीराव म्हणाले. "मला घाई नाही."

समरजितने आत बसून बटन दाबले. काही झाले नाही. टक् असा आवाजसुद्धा आला नाही. त्याने पुन्हा दाबले, मग जोर लावून दाबले, जणू बटनाला ऐकू कमी येत होते.

"काले सांजे तो चालतुं हतुं," कुशलभाई म्हणाला. त्याने हेडलाइट लावून पाहिले, दोन्ही लख्ख लागले. बॅटरीच्या तारा हलवून पाहिल्या, घट्ट होत्या. मग तो बोनेटखाली वाकला, बराच वेळ वाकून राहिला, आणि हात पुसत शलाकापाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "बेन, सेल्फनो वायरज नथी. नट पण नथी. कोईए काढी लीधो छे."

सेल्फची वायर आणि नट कोणी काढून घेतले असतील, हे शोधत शलाकाने शेडमध्ये नजर फिरवली. अप्पा खिडकीतून समोरच्या कारखान्याचे फाटक बघत होते. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र झब्ब्याच्या खिशावर रुपयाएवढा काळा ग्रीसचा डाग होता आणि खिसा खाली ओढला गेला होता.

"रेहवा दो, कुशलभाई," ती म्हणाली.

"पण बेन, बीजो वायर नाखतां पाच मिनिट—"

"आजे रेहवा दो. जलेबी खाओ."

कुशलभाईने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा झब्ब्याकडे पाहिले, आणि दुसरे पुडके उघडले.

"तर आता हँडलच," पिलाजीराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान वगैरे काही नव्हते. गाडी अशीच वागणार हे त्यांनी गृहीत धरले असावे.

पण हँडल आत जाईना. टोकाला जी आडवी खीळ असते तिच्यावर एकतीस वर्षांचे तेल, हळद आणि कुंकू बसून तिची गाठ झाली होती. समरजितने टेबलावरची कानस उचलली.

"कानस लावायची नाही," गंगाबाई म्हणाल्या. "कढत पाणी दे."

त्या स्टुलावर बसल्या, हँडलचे टोक परातीत घेतले आणि साडीच्या पदराने चोळायला लागल्या. परातीतले पाणी लाल झाले, ते ओतून दुसरे घेतले, तेही लाल झाले. अर्धा तास गेला. तोवर बाकीच्यांनी फाफडा खाल्ला. फाफड्याबरोबरचा पपईचा संभारा कमी आणला म्हणून समरजित कुरकुरला. शेवटी गंगाबाईंनी हँडल उचलले आणि कोणालाही न विचारता खिडकीशी नेले.

"भावजी, बघा बरं, झालं का?"

अप्पांनी ते हातात घेतले. एकतीस वर्षे ज्याला हात जोडले होते ते हातात धरून त्यांनी उजेडात फिरवून पाहिले, नखाने खीळ तपासली. "खाचेत थोडं आहे अजून," ते म्हणाले. खिशातून रुमाल काढताना काहीतरी खणखणले, म्हणून त्यांनी रुमाल आत ढकलला आणि झब्ब्याच्या बाहीनेच खाच पुसून हँडल गंगाबाईंना परत दिले.

"आत कोण बसतंय?" पिलाजीरावांनी विचारले. हँडल मारताना आत कोणीतरी लागते. पूर्वी आत नेहमी हिंमतराव बसत.

"शलाका बसेल," अप्पा म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळले नाही.

शलाका आत बसली. किल्ली फिरवली, चोक ओढला, गिअर काढलेला आहे ना ते दोनदा पाहिले. काचेतून तिला बोनेटच्या पलीकडे मोठ्या काकांचे डोके दिसत होते, मग ते वाकले आणि फक्त पाठ दिसायला लागली. हँडल आत बसल्याचा खट् आवाज तिला पायाखाली जाणवला. दोन्ही दारांच्या काचा खाली होत्या आणि रस्त्याला सुट्टीची शांतता होती, त्यामुळे पुढचे सगळे तिला ऐकू आले.

अप्पा खिडकीपासून निघाले आणि गाडीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले.

"दादा," ते म्हणाले, "अंगठा."

समरजितच्या हातातला फाफडा तोंडाशी थांबला. गंगाबाई परात घेऊन होत्या तिथे उभ्या राहिल्या.

पिलाजीराव सरळ झाले नाहीत. वाकूनच म्हणाले, "तो आता वळतच नाही. आपोआप बरोबर जागी राहतो."

शलाकाने स्टिअरिंग घट्ट धरले.

"तेव्हा टायमिंग पुढं होतं," अप्पा म्हणाले. "मीच लावलेलं."

"ठाऊक आहे."

"मिरवणुकीत बंद पडू नये म्हणून जरा पुढं घेतलं होतं. तुला सांगायला पाहिजे होतं."

"हो. सांगायला पाहिजे होतं."

"आज मागं घेतलंय."

"कुणी?"

"मीच. सकाळी येऊन."

मग पिलाजीरावांनी हँडल एकदा वर ओढले. अर्ध्या वाटेत ते अडले, तसे त्यांनी सोडून दिले आणि धापा टाकत बोनेटवर हात टेकला. गंगाबाईंनी परात खाली ठेवली.

"एकट्यानं होत नाही," पिलाजीराव म्हणाले. "बघतोस काय. धर."

अप्पांनी झब्ब्याच्या बाह्या वर केल्या आणि भावाच्या हातावर हात ठेवून हँडल धरले. शलाकाला काचेतून आता दोन पाठी दिसत होत्या, एक रुंद आणि एक वाकलेली. पहिल्या झटक्याला इंजिन नुसते फुसफुसले. दुसऱ्याला खोकले. तिने चोक थोडा आत ढकलला. तिसऱ्याला ते लागले, आणि सगळी गाडी, सागाच्या फळ्या, दारे, तिच्यासकट थरथरायला लागली. धूर निघाला. कुशलभाईने टाळ्या वाजवल्या. समरजितच्या लक्षात आले की मोबाइल डब्यावरून घसरून पडला आहे आणि मघापासून छताचा व्हिडिओ निघतो आहे.

शलाकाने डोळे पुसायची घाई केली नाही. धूर होता, कारण देता आले असते.

इंजिन बंद करून ती खाली उतरली, खडू घेतला आणि क्रोमच्या बंपरवर बरोबर मधोमध एक गोल काढला.

"दीड इंच पुरे," अप्पा म्हणाले.

"दोन ठेव," पिलाजीराव म्हणाले. "आमचे हात थरथरतात."

"मग पाटावर?" गंगाबाईंनी विचारले. हँडल हातात घेऊन त्या परत साडीत गुंडाळू लागल्या होत्या. पिलाजीरावांनी ते त्यांच्याकडून घेतले आणि ड्रायव्हरच्या सीटमागे, जिथे ते आबासाहेबांच्या वेळी असायचे तिथे आडवे ठेवले. मग वळले. शलाका सवयीने दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली होती. ते तिच्या खांद्यावरून अप्पांकडे बघत म्हणाले,

"नवमीला गाडी घेऊन येत जा. दहाला पूजा असते."

"माहीत आहे," अप्पा म्हणाले. "एकतीस वर्षं येतोय."

शलाका बाजूला झाली. समरजितने आपली गाडी काढली, गंगाबाई मागे बसल्या. पिलाजीराव बसता बसता दाराशी थांबले.

"आणि हिंमत," ते म्हणाले, "ती खिशातली वायर लावून टाक. सणाचा झब्बा खराब होतोय."